ग्रेडेड नाणी घ्यायची तर नेमकी कुठून? (१९११ चा रुपया शोधतोय)

सुहास_डोंबिवली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांना पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होतायत. त्यांच्याकडे राणी छाप आणि राजा छाप रुपयांचा छोटासा साठा होता, पणजीच्या गाठोड्यातून आलेला. त्यात १९११ चा पंचम जॉर्जचा एक रुपया होता, राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ज्याला सगळे डुक्कर छाप म्हणतात तो. त्यांचा जीव होता त्याच्यावर. लहानपणी मला मांडीवर घेऊन भिंगातून दाखवायचे. २००३ साली माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायची होती तेव्हा त्यांनी सात-आठ नाणी एका सराफाला देऊन टाकली, त्यात तोही गेला. मला तेव्हा पत्ताच नव्हता, आईने मागच्या दिवाळीत सांगितलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

तर मला तो रुपया परत आणायचाय. तोच मिळणार नाही हे कळतं, पण तसा, चांगल्या स्थितीतला, खरा. मला स्वतःला नाण्यातलं काही कळत नाही म्हणून ग्रेडेड, म्हणजे कंपनीने तपासून डबीत सीलबंद केलेला, घ्यावा असं वाटतंय, म्हणजे फसगत व्हायची शक्यता कमी. बजेट तीस हजारापर्यंत. लिलाव, प्रदर्शनातले डीलर, व्हॉट्सॲप-इन्स्टाचे ग्रुप, परदेशी साइट्स, एवढे मार्ग दिसतायत. तुम्ही कुठून घेता? कोणावर विश्वास ठेवायचा?

बंदा रुपया
सुहास, आधी तुझं अभिनंदन, असं डोक्यात येणं हेच मोठं आहे.

आता कामाचं. ग्रेडिंग म्हणजे काय ते दोन मिनिटांत समजून घे. एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या, पीसीजीएस १९८६ ची आणि एनजीसी १९८७ ची. नाणं तपासून खरं-खोटं ठरवतात, १ ते ७० च्या पट्टीवर स्थितीचा आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालतात. त्या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. ६० आणि वर म्हणजे व्यवहारात न फिरलेलं, एमएस. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम घासलेलं, एयू. ४० आणि ४५ म्हणजे आणखी थोडं घासलेलं, एक्सएफ, त्याखाली व्हीएफ. १९११ च्या रुपयाला एक्सएफ ते एयू ही पातळी तुझ्या बजेटमध्ये आरामात बसायला हवी. एमएस-६३, ६४ च्या नादाला लागू नको, तिथे एकेका आकड्याला किंमत उड्या मारते आणि बाबांना भिंगातून जो हत्ती बघायचाय तो एयू-५५ मध्ये पण तेवढाच स्वच्छ दिसतो.

डबीवर आकड्याऐवजी 'डिटेल्स' असा शब्द असेल तर थांब. त्याचा अर्थ नाणं खरं आहे पण त्याच्यावर काहीतरी झालंय. घासून साफ केलंय, भोक बुजवलंय, कडा कानशीने घासलीय, डाग दिलेला काढलाय असं काहीतरी. बरेच विक्रेते फोटोत नेमका तोच कोपरा कापतात.

गोदाकाठ
डाग दिलेला म्हणजे दागिन्याला कडी लावतात तो डाग हे नवीन लोकांना कळायला सांगतो. आमच्या घरी आजीच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ होती, अकरा रुपये, सगळ्यांना वर कड्या. आज ते सगळे अकरा 'डिटेल्स'.

चिंचवडकर
आणि आमच्या घरचे सगळे लक्ष्मीपूजनामुळे 'डिटेल्स' :) दर वर्षी आई चिंच आणि पितांबरी घेऊन बसायची आणि व्हिक्टोरियाबाईंना असं घासायची की नाकच राहिलं नाही. चकाकतात मात्र अशा की बघत राहावं.

अण्णा_मिरज
पंचेचाळीस वर्षं नाणी जमवतोय. माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. या प्लॅस्टिकच्या डब्यांना पैसे घालवणं मला पटत नाही. नाणं तळहातावर घ्यायचं, वजन जाणवलं पाहिजे, कडेवरून बोट फिरवायचं, फरशीवर नाही पण दुसऱ्या नाण्यावर हलकंसं टिचकी मारून आवाज ऐकायचा. बंदा रुपया खणखणीत वाजतो हे उगाच म्हणत नाहीत. १९११ चा रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, जरा घासला असेल तर थोडा कमी. ९१.७ टक्के चांदी. दहापट भिंग, एक साधा डिजिटल काटा आणि दोन वर्षांची सवय, एवढं असलं की अमेरिकेतल्या कोणाची चिठ्ठी लागत नाही.

दोन एमएस-६४ शेजारी ठेवा, एक काळवंडलेला नि एक फुलासारखा असतो आणि आकडा तोच. शेवटी आकडा म्हणजे कोणा दोघातिघांचं मत.

बंदा रुपया
अण्णा, तुमचं सगळं खरं, पण सुहासकडे दोन वर्षं नाहीत, एक महिना आहे. जाणकार माणसाला स्लॅब नको, ज्याला कळत नाही त्याला तो आधार आहे.

अण्णा_मिरज
ते मान्य. एक महिन्यात डोळा तयार होत नाही. मग निदान एवढं तरी कर सुहास, डबी बघून नाणं घेऊ नकोस, डबीतलं नाणं बघून घे.

तांबट
मला इथे माझा अनुभव लिहायलाच हवा कारण सुहास 'ग्रेडेड म्हणजे फसगत कमी' असं म्हणतोय आणि मी ग्रेडेडमध्येच फसलोय.

चार वर्षांपूर्वी एका सोशल मीडिया ग्रुपवर १९३९ चा सहावा जॉर्ज रुपया दिसला, एनजीसीच्या डबीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९३८ चा मुबलक मिळतो पण १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे, संग्राहकांचं स्वप्नच म्हणा. विक्रेत्याची भाषा एकदम गोड, 'दादा, वडिलांचं कलेक्शन आहे, अडचणीमुळे काढतोय.' मी हुशारी करून डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. नंबर बरोबर, वर्ष बरोबर, ग्रेड बरोबर. पैसे पाठवले.

डबी हातात आली तेव्हा काहीतरी खटकलं, लेबलची छपाई जरा जाड, मागचा होलोग्राम हलवला तरी मेल्यासारखा. मग परत साइटवर गेलो आणि या वेळी फोटो मोठा करून बघितला, जे आधी केलंच नव्हतं. साइटवरच्या नाण्यावर राजाच्या मानेच्या खाली तपकिरी डाग होता, तांदळाच्या दाण्याएवढा. माझ्या नाण्यावर तो डागच नाही. म्हणजे खऱ्या नाण्याचा नंबर उचलून खोटी डबी आणि खोटं नाणं, सगळंच बनवलेलं. फोन लागेना, ग्रुपमधून मलाच काढून टाकलं. सहा आकडी नाही पण त्या वेळच्या माझ्या दोन पगारांएवढे गेले. बायकोला सांगायला आठ दिवस लागले.

तर नंबर जुळला म्हणजे नाणं खरं असं नाही. फोटो जुळला पाहिजे. डाग, ओरखडे, कडेचा टोचा, एकेक खूण जुळवा.

न्यूजर्सीची सई
बाप रे तांबटदादा, वाचून कसंसंच झालं. खोट्या डब्यांचा प्रकार जुना आहे, २००८ च्या आसपास इकडे दोन्ही कंपन्यांनी जाहीर इशारे दिले होते. पीसीजीएसच्या नव्या डब्यांमध्ये आता चिप असते, फोन टेकवला की माहिती उघडते. जुन्यात नसते.

वैनगंगा
मी पण ग्रुपवरून घेतली आहेत आणि चांगली मिळाली आहेत, सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नये असं वाटतं. मी ज्यांच्याकडून घेते ते व्हिडिओ कॉलवर डबी फिरवून दाखवतात, बिल देतात, सात दिवसांत परत घेतात. फरक तिथे आहे.

तांबट
बरोबर आहे ताई. मी बिल मागितलंच नव्हतं. माझी तीच चूक.

शिवराई
थोडं अवांतर, पण महाराष्ट्रात राहून हे सांगितलंच पाहिजे. कोणी स्लॅबमध्ये किंवा बिनस्लॅबचा शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन दाखवला तर हात जोडून मागे फिरा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचे खरे होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि खोटे गाडीभर. तांब्याची शिवराई घ्या, ती मिळते, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति', आणि ती हातात धरली की जे वाटतं ते कुठल्या डबीत मावत नाही. पेशवाईतल्या दुदांडी शिवराया तर अजूनही परवडतात. गावाकडे ही नाणी कितीतरी काळ चालत होती.

प्राचीन आणि मध्ययुगीन नाण्यांसाठी ग्रेडिंगवर फार विसंबू नका, सातवाहन वगैरे तर नाहीच. एनजीसी प्राचीन नाण्यांना ग्रेड देते, पण त्यांच्या खरेपणाची हमी मिळते की नाही ते त्यांच्या अटींमध्ये वाचून घ्या, त्या कोणी वाचत नाही.

गोदाकाठ
हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद शिवराई.

पाटील_कागल
राम-लक्ष्मण-सीतेचं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं काकांकडे आहे. कोणी पाच लाख देतो म्हणतंय. त्याचं ग्रेडिंग होईल का?

शिवराई
दादा, स्पष्ट बोलतो, काकांना दुखवू नका पण समजावून सांगा. कंपनीने राम-दरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. ते देवळाबाहेर मिळणारे टोकन असतात, वर मुद्दाम जुनं साल टाकलेलं. पाच लाख देतो म्हणणारा थोड्या वेळाने 'आधी नोंदणीचे पाच हजार भरा' म्हणेल, तेव्हा फोन ठेवून द्या.

वैनगंगा
अगदी हेच. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच रुपयाच्या नाण्याचं पण तसंच चाललंय, लाखाला जातं म्हणून व्हिडिओ फिरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रीतसर सांगितलं होतं की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा काही संबंध नाही, बँकेच्या नावाने कोणी शुल्क, कमिशन मागत असेल तर देऊ नका. माझ्या मावसभावाचे तरीही बारा हजार गेले.

पाटील_कागल
अजून भरले नाहीत देवाच्या कृपेने. आजच जाऊन सांगतो काकांना.

न्यूजर्सीची सई
मूळ मुद्द्यावर येते. सुहास, मी इथे राहून ब्रिटिश इंडियाची नाणी जमवते. इकडे कॉइन शोमध्ये जागतिक नाण्यांच्या ट्रेमध्ये आपले रुपये सापडतात, लंडनच्या लिलावांमध्ये, स्पिंक किंवा नूनन्सकडे तर मोठमोठे भारतीय संग्रह येतात. साहेबलोक जाताना घेऊन गेले आणि आता त्यांची नातवंडं विकतायत. त्यामुळे बाजारातले बरेचसे स्लॅबबंद भारतीय रुपये परदेशातच डबीत गेलेले आहेत.

पण एका नाण्यासाठी तू तिकडून मागवावंस असं मला नाही वाटत. लिलावाचं प्रीमियम (लिलावघराचं कमिशन), पाठवणावळ, विमा, वर कस्टम्स ड्युटी. मी एकदा भावाला नागपूरला पाठवलं होतं, पार्सल अडीच महिने अडकलं आणि ड्युटी धरून नाणं दीडपट पडलं.

वकीलबाई_रत्नागिरी
इथे मला बोललंच पाहिजे. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावस्तू. ती भारताबाहेर पाठवायला सामान्य माणसाला बंदी आहे. म्हणजे सुहास, कोणी तुला म्हणालं की 'साधं नाणं घे, मी अमेरिकेत पाठवून ग्रेडिंग करून आणतो' तर १९११ च्या रुपयाच्या बाबतीत हे करायचं नाही. ग्रेडिंगला पाठवणं हीसुद्धा निर्यातच. भारतातल्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये तशी सूचना छापलेली असते ती यासाठीच.

देशाच्या आत विकत घेणं, जवळ ठेवणं, वडिलांना देणं यात काही अडचण नाही. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला मात्र परवाना लागतो, तेव्हा डीलर आहे म्हणणाऱ्याला विचारायला लाजू नका. सई, तुम्ही इकडे येताना जुनी नाणी आणलीत तर घोषित करा आणि सगळे कागद जपून ठेवा, परत नेताना फार त्रास होतो.

न्यूजर्सीची सई
हो ताई, म्हणूनच माझी इकडेच बँकेत आहेत. पण जमिनीत सापडलेल्या नाण्यांचं काय? आमच्या मामांच्या शेतात नांगरताना एक गाडगं लागलं होतं म्हणे.

वकीलबाई_रत्नागिरी
१८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहाच रुपये हं, तेव्हाचा आकडा आहे. तुमच्या मामांची गोष्ट इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोप करा :)

कुलाबा_लाइट
मी गेली आठ वर्षं फक्त लिलावातून घेतो म्हणून तेवढंच लिहितो. मुंबईत तोडीवाला, ओसवाल, राजगोर, अहमदाबादला क्लासिकल, बंगळुरूला मरुधर ही नावं या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहेत. कॅटलॉग ऑनलाइन येतो, लिलावाच्या आधी लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेली नाणी, प्रत्यक्ष बघता येतात, आणि ही पायरी कधीच गाळू नका. मी एकदा नुसत्या फोटोवर १८४० चा व्हिक्टोरिया घेतला, फोटोत झळाळी, प्रत्यक्षात गालावर केसाएवढे बारीक ओरखडे. लॉट बघायला गेलो असतो तर दिसलेच असते, दोष माझाच.

पैशाचं गणित आधी कागदावर मांडा. समजा हातोडा २० हजाराला पडला आणि प्रीमियम १५ टक्के असेल तर झाले २३ हजार, त्यावर कर, मग कुरिअर. प्रत्येक घराची टक्केवारी वेगळी, ती अटींमध्ये लिहिलेली असते. तीस हजार खिशात असतील तर चोवीसच्या वर हात करू नका. लिलावात समोरचा माणूस हात खाली घेत नाही तेव्हा कानशिलं तापतात, म्हणून मी तर आकडा लिहूनच बसतो.

पण सुहासची अडचण तारखेची आहे. महिन्याभरात १९११ चा चांगला लॉट येईलच असं नाही. त्यापेक्षा प्रदर्शन गाठ.

चिंचवडकर
पुण्यात ये की मग. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी...

अण्णा_मिरज
चिंचवडकर, नको. जुना बाजार मला प्राणाहून प्रिय, माझी पहिली शिवराई तिथलीच. पण तिथे घेणाऱ्याची नजर तयार पाहिजे. या मुलाला तिकडे पाठवू नका.

सुहास, मी परत विचार केला. तू कुठून घेतोस त्यापेक्षा कोणाकडून घेतोस ते महत्त्वाचं. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एकाच छताखाली पंचवीस-तीस डीलर बसतात. पहिल्या दिवशी काहीही घ्यायचं नाही. नुसतं फिरायचं, १९११ कोणाकोणाकडे आहे ते बघायचं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: 'उद्या हे नाणं तुम्हालाच परत विकायला आणलं तर किती द्याल?' जो नाणं परत घ्यायला कचरतो त्याच्याकडून आपण का घ्यायचं? जो आकडा सांगतो, बिलावर डबीचा नंबर लिहून देतो आणि तुला त्याच्यासमोर फोनवर फोटो जुळवू देतो, तो माणूस धर.

आणि नाणं बघताना हत्ती बघ. सांगतो. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एक इवलासा हत्ती आहे. १९११ साली तो आखूड सोंडेचा झाला आणि लोकांना डुक्कर वाटला, मोठा गहजब झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले सात लाखांच्या आसपास बाहेर गेले, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्ती नीट काढला. आता लबाड लोक काय करतात, १९१२ च्या रुपयावरचा २ खरवडून १ करतात. साल बदलता येतं, हत्ती बदलता येत नाही. म्हणून आधी हत्ती, मग साल.

कुलाबा_लाइट
अण्णा, हे सोन्यासारखं सांगितलंत. भर घालतो, मागच्या बाजूला सगळ्यात खालच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर तो मुंबई टांकसाळीचा, टिंब नसेल तर कलकत्त्याचा. सुहास, बाबांचा कुठला होता?

सुहास_डोंबिवली
नाही माहीत हो. आईला विचारलं, तिला फक्त डुक्कर आठवतंय. बाबांना विचारलं तर संशय येईल.

सगळ्यांचे मनापासून आभार. तांबटदादा, तुमचं वाचून मी ज्या इन्स्टावाल्याशी बोलत होतो त्याला बिल मागितलं. 'भाई, ट्रस्ट पे चलता है अपना काम' म्हणाला. तो विषय तिथेच संपला.

गोदाकाठ
नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, बाबांना वाढदिवसानंतर तिकडे घेऊन ये. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं पण आहे. पंच्याहत्तरीतल्या माणसाला एका नाण्यापेक्षा हजार नाणी बघायला मिळाली तर...

वैनगंगा
कल्पना छान. आणि नाणं आल्यावर ते पीव्हीसीच्या मऊ पिशवीत ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो. स्लॅबला तो धोका नाही, पण कोकणात-मुंबईत दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. स्लॅब म्हणजे हवाबंद नव्हे.

तांबट
सुहास, प्रदर्शनात मी येऊ का तुझ्याबरोबर? मी ठाण्यात असतो. माझ्या वेळी कोणी बरोबर नव्हतं.

सुहास_डोंबिवली
दादा, खरंच? व्यक्तिगत निरोप केलाय.

सुहास_डोंबिवली
(उशिराने लिहितोय, माफ करा.) मिळाला!

तांबटदादा आणि मी दोन दिवस प्रदर्शनात होतो. पहिल्या दिवशी अण्णांनी सांगितलं तसं खिशात हात घालून नुसते फिरलो. १९११ पाच जणांकडे होता. एकाकडचा एमएस-६२ फार देखणा पण बजेटच्या बाहेर. एकाची डबी 'डिटेल्स' निघाली, त्याने किमतीची चिठ्ठी नेमकी त्या शब्दावर चिकटवली होती, दादांनी नखाने उचलून दाखवली. एकाकडे डबीशिवाय होता, हत्तीची सोंड चांगली लांब आणि साल मात्र १९११! अण्णा, तुमची आठवण आली, दोघं एकमेकांकडे बघून पुढे सरकलो.

चौथे गृहस्थ वयस्कर, स्टुलावर बसून डबा खात होते. एयू-५५, एनजीसी. तो प्रश्न विचारला. हात पुसून म्हणाले, 'सहा महिन्यांत आणलंस तर दहा टक्के कापून घेईन, त्यानंतर त्या वेळच्या बाजारभावाने.' बिलावर नंबर स्वतःच लिहिला. दादांनी त्यांच्या टेबलावरच फोन ठेवून साइटवरच्या फोटोशी एकेक खूण जुळवली, मुकुटाच्या वर एक लहानसा ओरखडा आहे आणि कडेला आठ वाजतात तिथे फिकट निळसर झाक, दोन्ही जुळलं. पंधरा मिनिटं लागली, गृहस्थ एका शब्दाने वैतागले नाहीत. उलट म्हणाले, सगळ्यांनी असंच घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे दिले. सगळं धरून बजेटच्या आत.

अण्णा_मिरज
शाब्बास. डोळे भरून आले बाळा. बाबा काय म्हणाले?

चिंचवडकर
फोटो फोटो फोटो

सुहास_डोंबिवली
अण्णा, वाढदिवसाला सगळे जेवून उठल्यावर दिला. आधी त्यांना कळलंच नाही, डबी म्हणजे औषधाची वाटली. मग चष्मा वर केला आणि आतल्या खोलीत गेले. आम्हाला वाटलं रागावले की काय. तर कपाटातून तेच जुनं पितळी भिंग घेऊन आले, मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. खिडकीशी उभे राहून बराच वेळ हत्ती बघितला. मग डबी उलटी केली, कमळाखाली बघितलं आणि म्हणाले, 'माझा कलकत्त्याचा होता. हा मुंबईचा आहे.'

मला एकदम पोटात कालवल्यासारखं झालं. म्हटलं बाबा, बदलून आणू का, बिल आहे. तर म्हणाले, 'कशाला? मुंबईचा माझ्याकडे कधी नव्हताच.' आणि डबी शर्टाच्या खिशात ठेवली. रात्री झोपतानाही खिशातच होती.

आता एक नवीन प्रश्न. डबी फोडून नाणं हातात घ्यायचंय म्हणतायत, त्यांना आवाज ऐकायचाय. फोडू द्यावी का?

बंदा रुपया
अजिबात नको! ग्रेड जाईल, विकायची वेळ आली तर...

अण्णा_मिरज
विकणार कोण आहे? फोडू दे त्यांना. नंतर ठेवायला गोल ॲक्रिलिक कॅप्सूल घे, ३१ मिलिमीटरची. लेबल आणि बिल पाकिटात जपून ठेव. फोडताना हातोडी नको, कडेला पक्कडीने हळूहळू दाबत जायचं, आणि खाली जाड टॉवेल.

तांबट
थांबा, मी रविवारी येतो डोंबिवलीला. माझ्याकडे पक्कड आहे. आणि मलाही ऐकायचाय.